नोकरी सांभाळून सायबर सिक्युरिटीत पीएचडी, जळगावात राहून जमेल का?

तापीकाठचा

राम राम मंडळी. बरेच दिवस विचारीन विचारीन म्हणत होतो, आज रात्रपाळी आहे आणि अलर्ट पण जरा शांत आहेत तर लिहूनच टाकतो. मी मूळचा चोपड्याचा, सध्या जळगावात राहतो. पुण्याच्या एका कंपनीच्या एसओसीत (सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटर) आहे, म्हणजे दिवसरात्र स्क्रीनवर लॉग, म्हणजे नेटवर्कवरच्या हालचालींच्या नोंदी, बघत बसायचं आणि कुठं कोण घुसतंय का ते शोधायचं. काम बहुतेक घरूनच, अधूनमधून महाराष्ट्र एक्स्प्रेसनं पुण्याला चक्कर. एमसीए आपल्याच उमवितून (उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ) केलंय, ६२ टक्के होते. वय ३५.

आता डोक्यात पीएचडीचं खूळ शिरलंय. सायबर सिक्युरिटीतच करायचीय, पण नोकरी सोडता येत नाही, होमलोन आहे, बायको झेडपीच्या शाळेत आहे त्यामुळे बिऱ्हाड उचलून पुण्याला जाणं पण होणार नाही, आणि वडील चोपड्याला केळीच्या मागे एकटेच असतात तर सुट्टीच्या दिवशी तिकडं पळावं लागतं. अशा माणसाला पार्टटाइम पीएचडी मिळते का? एनओसी कंपनीकडून कशी घ्यायची, आमचा मॅनेजर तर ‘पीएचडी’ ऐकल्यावर मी राजीनामाच देतोय असं समजेल. विषय मी मनात धरलाय ‘एआय वापरून नेटवर्क इंट्रूजन डिटेक्शन’, म्हणजे नेटवर्कमधली घुसखोरी ओळखणं, चालेल का? आणि एक कंपनी रोज फोन करतेय की परदेशी युनिव्हर्सिटीची ऑनलाइन पीएचडी, घरबसल्या, पुण्याला जळगावला कुठंच जायला नको, हप्त्यानं फी. खरं सांगतो मोह होतोय. कोणी केलंय का आपल्या भागातून?

शून्य_दिवस

आधी हे सांग की कशाला पाहिजे? पगारासाठी पाहिजे असेल तर भाऊ सोड. एसओसीतून वर जायचं असेल तर सीआयएसएसपी हे सिक्युरिटीचं सर्टिफिकेट कर, त्याला त्यांच्या आठपैकी दोन विषयांत मिळून पाच वर्षांचा अनुभव लागतो आणि तो तुझ्याकडे असणार. हाताला काम आवडत असेल तर ओएससीपी, हॅकिंगचं सर्टिफिकेट, सलग दिवसभराची प्रॅक्टिकल परीक्षा, मशीनं हॅक करून फोडायची आणि मग रिपोर्ट लिहायचा. मी इंटरव्ह्यू घेतो तेव्हा पीएचडी बघून कोणाचा आकडा वाढवल्याचं मला तरी आठवत नाही.

आणि शिकवायला जायचं म्हणून करत असशील तर तिथं पण आता पीएचडीची सक्ती नाही. जुलै २०२३ पासून युजीसीनं असिस्टंट प्रोफेसरसाठी नेट, सेट किंवा स्लेट ह्या पात्रता परीक्षांचीच किमान अट ठेवलीय, पीएचडी ऐच्छिक. म्हणजे साध्या कॉलेजात एमएस्सीच्या पोरांना शिकवायचं तर सेट काढ की. इंजिनिअरिंगवाल्यांचं वेगळं असतं ते एआयसीटीईचं, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेचं, त्यात मी बोलत नाही.

धुळेकर_मॅडम

शून्य दिवस यांचा प्रश्न बरोबर आहे पण सूर जरा चढा वाटतो 🙂 सगळेच पगारासाठी करत नाहीत.

मी धुळ्याला कॉलेजात शिकवते, नोकरी करूनच पीएचडी केली, त्यामुळे नियमांचं तेवढं सांगते. पहिली गोष्ट, त्या ऑनलाइनवाल्यांचा नंबर ब्लॉक करा. युजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमावलीत स्वच्छ लिहिलंय की दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीनं पीएचडी देता येणार नाही. आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये युजीसी आणि एआयसीटीई दोघांनी मिळून जाहीर सूचना काढली होती की एडटेक कंपन्या परदेशी संस्थांशी टायअप करून ज्या ऑनलाइन पीएचडी विकतात त्यांना मान्यता नाही. हप्त्यानं फी भरून हातात काय येईल तर भिंतीवर लावायचा कागद.

दुसरं, पार्टटाइमला पूर्ण परवानगी आहे. तुमचे ६२ टक्के चालतात, पदव्युत्तरला ५५ लागतात, राखीव गटांना आणि ईडब्ल्यूएसला ५ टक्के सूट. पण पार्टटाइम म्हणजे नियम अर्धे असं नाही हो, हे फार जणांना कळत नाही. कोर्सवर्क तेच, कमीत कमी १२ क्रेडिट, त्यात संशोधनाच्या नीतिमत्तेचा पेपर पण आला, आणि त्यात ५५ टक्के पाडावे लागतात. कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, मग री-रजिस्ट्रेशन करून आणखी दोन. बायकांना त्याच्यावर अजून दोन वर्षं मिळतात आणि बाळंतपण, मुलांचं संगोपन यासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. हे मी मुद्दाम लिहितेय कारण इथं वाचणाऱ्या मुली गप्प राहून वाचतात आणि त्यांना वाटतं आपलं वय गेलं.

प्रवेशाचं म्हणाल तर विद्यापीठाची पेट, म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा असते, तिच्यात निम्मा पेपर रिसर्च मेथडॉलॉजीचा आणि निम्मा विषयाचा, नंतर मुलाखत. लेखीला ७० आणि मुलाखतीला ३० टक्के धरतात. २०२४ पासून नेटच्या निकालावर पण पीएचडीला प्रवेश घेता येतो, फक्त-पीएचडी असा एक गट आहे त्यात, जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) नसलं तरी चालतं, पण तो निकाल एकच वर्ष वापरता येतो. तुम्ही विषय कॉम्प्युटर सायन्स अँड अ‍ॅप्लिकेशन्स धरा, सायबर सिक्युरिटी हा तुमच्या थीसिसचा विषय राहील, रजिस्ट्रेशन बहुतेक ठिकाणी कॉम्प्युटर सायन्सखालीच होतं.

तापीकाठचा

मॅडम खूप आभार, नंबर ब्लॉक केला आत्ताच.

शून्य दिवस दादा, खरं सांगू का, पगारासाठी नाहीये. रोज आमच्याकडं इतके खोटे अलर्ट येतात की पोरं शेवटी न बघताच क्लोज करायला लागतात आणि खरा असला तरी त्यातच जातो. सहा-सात वर्षं हेच बघतोय. टूल बदलतात, डॅशबोर्ड बदलतात, एआय लावला म्हणून सेल्सवाले येऊन जातात, पण हे काही बदलत नाही. हे असं का होतं ते मुळापासून समजून घ्यायचंय. पुढं मागं शिकवायला पण आवडेल. आणि नावापुढं डॉ. लागावं हे पण आहेच थोडं, खोटं कशाला बोलू.

वाघूरचा_गडी

भो, डॉक्टर व्हयना की गावमां पहिले लोके बीपी तपासाले येतीन, तयार ऱ्हाय 😂

बांभोरी_पूल

वाघूरवाला भाऊ बरोबर बोलतोय, माझ्या मावशीनं गुडघे दाखवलेत मला.

तापीकाठचा, तू दुसऱ्यांदा जे लिहिलंस ना, खोट्या अलर्टचं, तोच तुझा विषय आहे रे. पहिल्यांदा लिहिलेला तो ‘एआय वापरून इंट्रूजन डिटेक्शन’ टाकून दे. शोधगंगेवर जा, सगळ्या विद्यापीठांचे थीसिस असतात तिथं, फुकट, आणि हे शब्द टाकून बघ. त्याच नावाचे इतके निघतील की वाचता वाचता तुझी सहा वर्षं जातील. आणि बहुतेकांची गोष्ट एकच, केडीडी ९९ नाहीतर एनएसएल-केडीडी डेटासेट घेतला, चार अल्गोरिदम लावले, ९९ टक्के अ‍ॅक्युरसी आली, समाप्त.

आता तो केडीडी काय आहे तर १९९८ साली अमेरिकेत एमआयटीच्या लिंकन लॅबनं एअरफोर्सच्या नेटवर्कसारखं एक खोटं नेटवर्क उभं करून जमवलेला ट्रॅफिक, त्यातून पुढच्या वर्षी स्पर्धेसाठी काढलेला. तेव्हा आपल्याकडं एसटीडी बूथ होते. शिवाय त्यातल्या पाऊण हिश्शाच्या वर नोंदी डुप्लिकेट निघाल्या म्हणून तर २००९ मध्ये एनएसएल-केडीडी काढावा लागला. त्यावर ९९ टक्के मिळवणं म्हणजे गेल्या वर्षीचा पेपर घरी सोडवून पैकीच्या पैकी घेण्यासारखं आहे. नंतरचे आहेत, २०१५ चा यूएनएसडब्ल्यू-एनबी१५, मग कॅनडावाल्यांचा सीआयसी-आयडीएस २०१७, हे त्यामानानं बरे, पण २०१७ वाल्यात लेबलंच चुकीची लागलीत हे पण लोकांनी नंतर दाखवून दिलं.

आणि समजा ९९ टक्के खरंच आले तरी तुझ्या एसओसीत काय होईल ते हिशेब करून बघ. धर दिवसाला १० लाख इव्हेंट आले आणि त्यात खरे हल्ल्याचे १००. तुझं मॉडेल ९९ टक्के हल्ले पकडतं, म्हणजे ९९ पकडले, वा. पण साध्या ट्रॅफिकला १ टक्का वेळा चुकून हल्ला म्हणालं तर १० हजार खोटे अलर्ट झाले. म्हणजे पोरांसमोर शंभर अलर्ट ठेवले तर त्यात खरा जेमतेम एक. मग ते न बघता क्लोज करणार नाहीत तर काय करतील. ही गोष्ट संशोधनात पंचवीसेक वर्षांपूर्वीच मांडून झालीय, बेस रेटचा घोटाळा म्हणतात, तरी अजून थीसिसमध्ये अ‍ॅक्युरसीच छापतात. तू रोज ह्याच्यात बसतोस, गाइडला जे वाचून कळतं ते तुला अंगानं माहितीय. अ‍ॅनालिस्ट कुठला अलर्ट आधी उघडतो, कुठला टाळतो, किती वेळानं थकतो, कुठला संदर्भ समोर ठेवला तर निर्णय बरा होतो, ह्याच्यावर काम कर. माणसांचा अभ्यास पण त्यात येतो, नुसतं पायथन नाही, तेवढी तयारी ठेव.

पण एक मोठी अडचण, डेटा. कंपनीचे लॉग वापरायचा विचार स्वप्नात पण आणू नको. ते लॉग कंपनीचे पण नसतात, कंपनीच्या क्लायंटचे असतात. आयपी, युजरनेम काढून टाकले म्हणून भागत नाही, दहा गोष्टी जोडून माणूस ओळखता येतो. लेखी परवानगीशिवाय एक ओळ जरी बाहेर काढलीस तर आयटी कायद्याचं कलम ४३ आणि बेइमानीनं काढलं म्हणाले तर ६६, तीन वर्षांपर्यंत कैद नाहीतर पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नोकरी जाईल ती वेगळीच.

त्यापेक्षा स्वतःचा डेटा तयार कर. एखादा स्वस्त व्हीपीएस, म्हणजे इंटरनेटवरचा भाड्याचा सर्व्हर घे, त्यावर काउरी नावाचा हनीपॉट, म्हणजे हल्लेखोरांसाठीचा सापळा बसव, ओपन सोर्स आहे, एसएसएच आणि टेलनेटचं (लांबून कॉम्प्युटरमध्ये शिरायचे मार्ग) खोटं दार उघडं ठेवतो आणि येणारा काय काय टाइप करतो ते सगळं लिहून ठेवतो. काही तासांतच जगभरचे बॉट पासवर्ड आपटायला लागतात. वर्षभर चालू ठेवलास तर जो डेटा जमेल तो फक्त तुझा, कोणाची परवानगी मागायला नको. फक्त घरच्या ब्रॉडबँडवर लावू नको आणि तिथून बाहेर कनेक्शन जाणार नाही एवढं फायरवॉलला नीट बघ, नाहीतर तुझाच हनीपॉट दुसऱ्यावर हल्ला करत बसेल.

केळीपट्टा

मला वाटतं आपल्या भागात राहून करायचंय तर विषय पण आपल्या भागातला घ्यावा. जळगाव, धुळे, नंदुरबार, किती अर्बन को-ऑपरेटिव्ह बँका आहेत आपल्याकडं, पतसंस्था तर मोजायलाच नको. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे ९४ कोटी गेले होते आठवतं का, मालवेअर घालून एटीएमचे व्यवहार मंजूर करणाऱ्या स्विचऐवजी खोटा स्विच उभा केला, २८ देशांतून कार्डं घासून पैसे काढले आणि वरून काही रक्कम स्विफ्टनं, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय व्यवहारांच्या यंत्रणेतून, हाँगकाँगला पाठवली. ती तर मोठी बँक. त्यानंतर डिसेंबर २०१९ मध्ये आरबीआयनं अर्बन बँकांसाठी चार लेव्हलची सायबर सिक्युरिटी चौकट काढली, जेवढ्या डिजिटल सेवा जास्त तेवढी वरची लेव्हल आणि तेवढ्या अटी जास्त. कागदावर मस्त आहे. पण तालुक्याच्या बँकेत आयटीवाला म्हणजे एकच माणूस, प्रिंटर अडकला तरी तोच आणि सायबर हल्ला झाला तरी तोच. अशा ठिकाणी त्या अटी प्रत्यक्षात कशा पाळल्या जातात ह्याच्यावर कोणी बसून अभ्यास केलेला मला तरी दिसला नाही. पतसंस्था तर आरबीआयकडं पण येत नाहीत, त्या सहकार खात्याखाली, तिकडं तर अजून आनंद.

बांभोरी_पूल

@केळीपट्टा विषय झकास आहे पण बँका आत घेणार नाहीत भाऊ. आमचं काय चुकतंय ते शोधायला या असं कोण म्हणणार. ओळखीचा चेअरमन असेल आणि बँकेचं नाव छापणार नाही असं लिहून दिलं तर एखादवेळी जमेल. तापीकाठच्याचा हात एसओसीत बसलाय, त्यानं तेच धरावं असं मला वाटतं.

शून्य_दिवस

खोट्या अलर्टवर कोणी खरंच काम करणार असेल तर मी माझे शब्द मागे घेतो, कर बाबा, आमच्याकडं पण तेच रडगाणं आहे 🙏 सीआयएसएसपी नंतर कर.

तापीकाठचा

बांभोरी दादा, रात्री तीन वाजता वाचलं आणि झोपच उडाली. केळीपट्टा भाऊ तुमचा पण विषय डोक्यात राहील. आता मॅनेजरला काय सांगू ते सांगा, आणि गाइड कुठं शोधायचा? विद्यापीठातच बघू का इंजिनिअरिंग कॉलेजात?

धुळेकर_मॅडम

एनओसीचं सांगते. पार्टटाइमसाठी युजीसीला तीन गोष्टी लिहून पाहिजे असतात: तुम्हाला पार्टटाइम शिकायला परवानगी आहे, कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळतो, आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी तुम्हाला कामातून मोकळं करतील. पहिल्या दोन कोणीपण लिहून देतं. एचआर अडतं ते तिसऱ्यावर. त्यामुळे मॅनेजरकडं जाताना आधी विद्यापीठाकडून कोर्सवर्कचं वेळापत्रक साधारण कसं असतं ते विचारून जा, म्हणजे ‘मला सोडा’ असं न म्हणता ‘ह्या ह्या काळात माझी शिफ्ट अशी लावा, उरलेलं रजेत भागवतो’ असं बोलता येईल. शिफ्टची नोकरी आहे हे तुमचं एका अर्थानं बरंच आहे, रात्रपाळी घेतली की दिवस मोकळा. झोपेचं काय ते मात्र विचारू नका.

अजून एक, तुमचं अपॉइंटमेंट लेटर काढून बघा. आयटी कंपन्यांच्या करारात बहुतेक असं कलम असतं की नोकरीत असताना जे काही शोधाल त्यावर हक्क कंपनीचा. थीसिस आणि पेपर त्यातून वगळले आहेत असं एनओसीतच लिहून घ्या, नंतर कोणी देत नाही.

गाइडचं म्हणाल तर खरी रांग तिथंच आहे. प्रोफेसरला आठ, असोसिएटला सहा, असिस्टंटला चार, इतकेच विद्यार्थी घेता येतात. आणि ज्यांना रिटायर व्हायला तीन वर्षं पण राहिली नाहीत त्यांना नवीन घेता येत नाही. त्यामुळे पेट पास होऊन गाइड नाही म्हणून बसलेली मुलं आहेत. विद्यापीठाचं कॉम्प्युटर सायन्सचं स्कूल आहे, तुम्ही एमसीए तिथलेच असाल तर ओळखी असतील, आधी तिथं जा. इंजिनिअरिंग कॉलेजं आपल्याकडची बरीचशी आता लोणेऱ्याच्या बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला जोडलेली आहेत, म्हणजे गाइड शिरपूरला नाहीतर जळगावला असला तरी कागद रायगड जिल्ह्यातून फिरून येणार, आणि एमसीएवाल्याला तिकडं कुठल्या विषयात घेतील ते विचारूनच पुढं जा.

आणि गाइडकडं जाताना ‘सर मला घ्या’ एवढंच घेऊन जाऊ नका. वर बांभोरी यांनी जो हिशेब मांडलाय ना, तो आणि तुमचा रोजचा अनुभव दोन पानांत लिहून न्या.

केळीपट्टा

गांधीनगरचं पण बघून ठेव. नॅशनल फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटी, केंद्राची आहे, २०२० च्या कायद्यानं झालेली, सायबर सिक्युरिटी आणि डिजिटल फॉरेन्सिक्स हेच त्यांचं काम. आपल्याला पुण्यापेक्षा तेच सोपं, जळगाव-अमळनेर-नंदुरबार करत नवजीवननं सरळ अहमदाबाद. नोकरीवाल्यांचे नियम त्यांच्या जाहिरातीत वाचून घे. आयआयटी मुंबईत पण एक्स्टर्नल म्हणून नोंदणी असते पण त्याला तुमच्या कंपनीत संशोधनाची सोय लागते आणि तिथला एक सह-मार्गदर्शक, एसओसीवाल्याला ते कोण देणार.

वाघूरचा_गडी

आणि ते पेपर छापायचं काय? माझ्या मेहुण्याला एकानं सांगितलं इतके पैसे दे, स्कोपसमध्ये (त्या नावाच्या यादीतल्या जर्नलमध्ये) छापून देतो, थीसिस पण लिहून देतो.

बांभोरी_पूल

त्या एकाला टाळायचं. २०२२ च्या नियमावलीपासून थीसिस जमा करायच्या आधी पेपर छापलाच पाहिजे अशी युजीसीची सक्ती उरलेली नाही, विद्यापीठाची स्वतःची अट असेल तर ती वेगळी, ती विचारून घ्यायची. केअर लिस्ट, म्हणजे युजीसीची चांगल्या जर्नलांची यादी, ती पण फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, आता जर्नल चांगलं का वाईट ते तुमचं तुम्ही आणि गाइडनं बघायचं. त्यामुळे पैसे घेऊन आठ दिवसांत छापणाऱ्यांचं अजूनच फावलंय. सायबर सिक्युरिटीत चांगलं काम जर्नलपेक्षा कॉन्फरन्समध्ये आधी येतं, यूजनिक्स सिक्युरिटीचे पेपर तर फुकट वाचायला मिळतात, तिथं एसओसीवर आणि अलर्टच्या थकव्यावर चांगली कामं आलीत, तापीकाठच्यानं वाचायला सुरुवात तिथूनच करावी.

आणि लिहून देणाऱ्यांचं, सिमिलॅरिटी, म्हणजे दुसऱ्याच्या मजकुराशी जुळणारा भाग, १० टक्क्यांपर्यंत चालते, ४० च्या वर गेली की वर्षभर थीसिस जमा करता येत नाही, ६० च्या वर रजिस्ट्रेशनच रद्द. मेहुण्याला हे दाखव.

तापीकाठचा

अजून एक शेवटचं विचारतो. आमच्या टीममधल्या पोरांवरच अभ्यास करायचा म्हटला, म्हणजे ते अलर्ट कसे हाताळतात ते बघायचं, खरे लॉग न घेता, तर त्याला पण परवानगी लागेल ना? आणि ती पोरं माझ्याच हाताखालची आहेत.

बांभोरी_पूल

लागेल, दोन्हीकडून. विद्यापीठाच्या एथिक्स कमिटीची आणि कंपनीची. आणि हाताखालची पोरं घेऊच नको, त्यांना नाही म्हणता येणार नाही आणि तुला आवडेल तसंच वागतील, परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारेल. दुसऱ्या कंपन्यांतले अ‍ॅनालिस्ट घे, हनीपॉटच्या डेटातून खोटे-खरे अलर्ट बनव आणि त्यांच्यासमोर ठेव. शून्य दिवस दादांची टीम आहेच की.

शून्य_दिवस

मला वाटलंच होतं हे माझ्यावर येणार. पोरं देतो, पण शनिवारी, आणि चहा तुझ्याकडून.